हातचा एक

आमच्या खाडीतली शाळा बंद झाली तेव्हा
मुलं उरली होती तीन.
दोघं बहीणभाऊ आईबापांबरोबर सेंट जॉन्सला गेले.
तीनातून दोन गेले, उरली आमची एफी.
एवढं गणित मला येत होतं.

फेरीबोट येते मंगळवारी आणि शुक्रवारी,
वारा असला तर तीही नाही.
बाकी सगळं येतं छपरावरच्या तबकडीतून.
तिच्यात बर्फ साचला की शिडी लावून मी तो झाडतो
आणि खाली स्वयंपाकघरात
एफीचे अपूर्णांक पुन्हा हलू लागतात.

फुकट आहे, म्हणाली.
नंतर किती?
नंतरही फुकट.
सेहेचाळीस वर्षं या काठावर काढली मी,
फुकट मिळालेलं एकच आठवतं: धुकं.

पडद्यावर एक लांब पट्टी.
बोटाने तिचे तीन तुकडे कर, चार कर, बारा कर.
तुकडे एकमेकांखाली येऊन बसतात,
एक छेद तीनच्या बरोबर खाली चार छेद बारा.
मी बघतच राहिलो.
अरे, हे तर मी दर हंगामात करतो,
बोटीचा एक हिस्सा, इंजिनाचा अर्धा,
उरलेल्याचे चौघांत सारखे.
कॉडच्या पाठीवर सुरी टेकली
की छेद कुठे द्यायचा ते हाताला कळतं.
तोच शब्द तेव्हा फळ्यावरून अंगावर धावून यायचा,
आणि मागोमाग मिस्टर क्विंटनची पट्टी,
जिचे तुकडे कधीच झाले नाहीत.
आठवीत मी दप्तर ठेवलं,
खेकड्यांचे सापळे उचलले.

एफी नऊला झोपते.
दहाला थेल्माचा फोन, अल्बर्टातून,
तेलाच्या छावणीत रांधते ती, तीन आठवडे तिकडे, एक इकडे.
मग घरात फक्त फ्रिजची घरघर.
एकच उदाहरण, म्हटलं.
चुकलं.
पुन्हा करून बघ, एवढंच आलं.
पुन्हा चुकलं. पुन्हा तेच, तितक्याच शांतपणे.
इतका धीर मी फक्त थेल्मात पाहिलाय,
तोही लग्नाच्या पहिल्या वर्षी.

मग ऋण संख्या.
ऋणात ऋण मिळवलं की ऋण वाढतं
हे बँकेने शिकवलंय.
पण ऋणाला ऋणाने गुणलं की धन?
असं होत असतं तर
ही अख्खी खाडी श्रीमंत असती.

पडद्यावर एक चिमुकला माणूस, संख्यारेषेवर उभा.
तोंड वजाकडे, चाल उलटी.
काही कळेना.
शेवटी उठलो.
स्टोव्ह म्हणजे शून्य. दाराची बाजू वजा, फ्रिजची अधिक.
दाराकडे तोंड करून
लिनोलियमचे दोन-दोन चौकोन मागे सरकलो, तीनदा.
वजा दोन गुणिले वजा तीन.
सहाव्या चौकोनात पाठ फ्रिजला लागली.
रात्रीचा दीड, पायांत मोजे.
अधिक सहा! मी ओरडलो
आणि स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

महिन्याभराने एका सकाळी एफी खुर्चीतून उठली:
बाबा, मी समीकरणांपर्यंत कधी पोचले?
दोनशे चौदा उदाहरणं, सगळी मध्यरात्रीची,
त्यातली एकशे नऊ चूक!
इतक्या चुका माझ्या असूच शकत नाहीत.

मी चहात बघत राहिलो.
तिने काही विचारलं नाही.
नवीन खातं उघडलं, नाव लिहिलं, सेल्बी पार्डी.
इयत्ता?
यादी खाली सरकली, सहावी, सातवी, आठवी.
वय त्यांनी विचारलंच नव्हतं.
आठवी, मी म्हणालो,
तिथेच ठेवलंय सगळं.

जुन्या चुका चाळत ती म्हणाली,
तू ना, दर वेळी हातचा मिळवायचा विसरतोस.

बत्तीस वर्षं हातातच राहिला असेल, म्हटलं,
आणि झाडू घेऊन बाहेर पडलो.
बर्फ पुन्हा सुरू झाला होता.